कतारमध्ये कसली आली थंडी!

(मंडळाच्या हिवाळी मदतनिधीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी काही वक्ता नाही. स्टोअरकीपर माणूस आहे. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला माल लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी दोन्हीचा मेळ बसला की घरी जायचं, एवढंच मला येतं. पण मागच्या महिन्यात आपल्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही बिरकत अल अवामेरला इतकी वर्षं काढलीत, तिथल्या हिवाळ्यातल्या वादळांच्या आठवणी सांगा." फोन ठेवला आणि सौ.ला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "कतारमध्ये कसली आली थंडी!"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण एके काळी मीही असाच हसलो होतो. मी मूळचा निफाड तालुक्यातला. नाशिककडची मंडळी इथं बसली आहेत, त्यांना निफाडची थंडी वेगळी सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. २०१८ च्या डिसेंबरात तर तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून आमच्याकडे रात्री बागेत ओळींमधून शेकोट्या पेटवतात. लहानपणी वडिलांबरोबर मी कित्येक रात्री अशा शेकोट्या सांभाळल्या आहेत.

त्यामुळे २०१३ साली मी कतारला निघालो तेव्हा आईनं बॅगेत घातलेली शाल आणि स्वेटर मी विमानतळावर जायच्या आधी गुपचूप बाहेर काढले. सामानाला वजनाची मर्यादा होती, आणि त्या जागेत दोन किलो शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी बसत होती. मनात म्हटलं, वाळवंटात स्वेटर घालून काय करायचंय? चटणी महिनाभरात संपली. स्वेटरची आठवण मात्र मला पुढे अनेकदा झाली.

आता थोडं इथल्या हवेबद्दल सांगतो. जे मला माहीत आहे ते बरंचसं आमच्या शेजारच्या प्लॉटवरच्या वॉचमननं शिकवलं. सुदानी माणूस, वय साठीच्या आसपास, सगळे त्याला चाचा म्हणायचे. कतारात येण्याआधी त्यानं बरीच वर्षं उंट सांभाळले होते, त्यामुळे आभाळ वाचायची सवय. त्याचं कॅलेंडर आपल्यासारखं जानेवारी-फेब्रुवारीचं नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून 'वस्म', म्हणजे पहिल्या पावसाचे पन्नासेक दिवस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर 'मरबानिया', थंडीचे चाळीस दिवस. जानेवारीच्या मध्यापासून 'शबत', सव्वीस दिवसांची सर्वांत बोचरी थंडी. आणि सगळं संपलं असं वाटत असताना फेब्रुवारीच्या शेवटी 'बर्द अल अजूझ', म्हणजे म्हातारीची थंडी. आपल्याकडे होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात ना, तशी इथं ती म्हातारी जाता जाता एकदा चिमटा काढून जाते.

आणि वादळं येतात ती बहुधा अशी. भूमध्य समुद्राकडून कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकतो. तो जवळ आला की आधी आग्नेयेकडून दमट, उबदार वारा सुटतो, त्याला 'कौस' म्हणतात. दोन दिवस हवा कोंदट होते, माणसं जॅकेट काढून ठेवतात. मग पट्टा पुढे सरकला की वारा एकदम फिरतो आणि वायव्येकडून 'शमाल' सुटतो. कधी पाऊस घेऊन, कधी नुसती धूळ घेऊन. काही तासांत तापमान धाडकन उतरतं. हेच पट्टे पुढे इराण, पाकिस्तान करत आपल्या उत्तर भारतात पोचतात. तिथं आपले हवामानवाले त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीरला बर्फ पडतो तो त्यांच्यामुळेच. आणि ते पट्टे दक्षिणेकडे झुकले, त्यांना समुद्राकडून आलेली वाफ मिळाली, तर आपल्या महाराष्ट्रात गारा पडतात. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

माझं पहिलं वादळ २५ नोव्हेंबर २०१५ चं. तुमच्यापैकी अनेकांना तो बुधवार आठवत असेल. कतारात वर्षभरात साधारण ७५-८० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या दिवशी काही भागांत वर्षाचा पाऊस काही तासांत पडून गेला. शाळा सुटल्या, अंडरपास भरले. मी तेव्हा सनैयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात राहत होतो. खोलीत घोट्यापर्यंत पाणी. खालच्या बंकवरच्या गाद्या भिजल्या, म्हणून आम्ही आठ जण चार वरच्या बंकवर दोन-दोन करून झोपलो. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. रात्रभर हसत होतो. सकाळी कुणीतरी करक चहा आणला आणि आम्ही पाण्यात उभं राहून तो प्यायलो. एकूण काय, ते वादळ मला गंमत म्हणूनच आठवतं. वादळाशी माझी खरी ओळख व्हायची होती.

नंतर कंपनीनं मला बिरकत अल अवामेरला पाठवलं. आपल्यातले बरेच जण दोहात राहतात, त्यांनी ती जागा पाहिलेली नसेल. दोह्याच्या दक्षिणेला, वुकैरच्या पुढे, मेसईदच्या अलीकडे. आज तिथं 'मनातेक'चं लॉजिस्टिक पार्क आहे, गोदामांच्या रांगा आहेत, ट्रेलरची रीघ असते. तेव्हा निम्म्या प्लॉटवर नुसती आखणी होती आणि उरलेल्यांवर शेड उभ्या राहत होत्या. 'बिरका' म्हणजे अरबीत तळं, आणि अवामेर हे एका टोळीचं नाव. अवामेरांचं तळं. मी पहिल्या दिवशी तळं शोधलं. नुसता सपाट माळ. झाड नाही, टेकडी नाही, वाऱ्याला अडवेल असं काही नाही.

आमच्या प्लॉटवर एका मोठ्या शेडचं काम चालू होतं. स्टोअर म्हणजे दोन कंटेनर, त्यांच्या शेजारी एक पोर्टा केबिन. सुट्टीच्या दिवशी सामान राखायला तिघं जण पाळीपाळीनं राहायचे. त्यात लातूर जिल्ह्यातला एक मुलगा होता, तेवीस-चोवीस वर्षांचा. मला काका म्हणायचा. हेल्पर म्हणून आलेला, पण हात सगळ्या कामाला वळायचा.

एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं, "तू शेती सोडून इकडं कसा रे?" त्यानं जे सांगितलं ते मी आजवर विसरलेलो नाही. २०१४ ची गारपीट आठवते ना? फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जवळजवळ रोज कुठं ना कुठं गारा पडत होत्या. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, आमचं नाशिक, कुणी सुटलं नाही. उभी ज्वारी आडवी झाली, हरभरा मातीत गेला, द्राक्षं, डाळिंबं, मोसंबी झडली. जनावरं मेली, झाडांखाली पाखरांचे खच पडले. त्यातच लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता. लाखो हेक्टरचं नुकसान. या पोराच्या वडिलांची ज्वारी काढणीला आली होती. तो म्हणाला, "काका, अर्ध्या तासात सगळं झालं. पत्र्यावर आवाज एवढा, की आई काय बोलायलीय ते ऐकू येईना. बाहेर आलो तर रान पांढरं." कर्ज होतंच. बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. पुढं एजंटाला द्यायला आणखी कर्ज काढलं आणि पोरगा इथं आला.

म्हणजे एका वादळानं त्याला घरातून उचलून इथं आणून टाकलं होतं. आणि पगारातून तो स्वतःसाठी जॅकेट घेत नव्हता. मी एकदा बोललो, तर म्हणाला, "दोन महिन्यांची तर थंडी, काका. तेवढ्यात घरचा हप्ता जातो."

आता ३ फेब्रुवारी २०१७. शुक्रवार. चाचाच्या भाषेत शबत चालू होता. गुरुवारीच त्यानं सांगितलं होतं, "हवा पलटेगा." शुक्रवारी वारा एवढा वाढला, की धुळीनं समोरची शेड दिसेना. आमची पाळी बदलायला येणारी गाडी आली नाही. ड्रायव्हरचा फोन आला, "रस्ता दिसत नाही, सकाळी येतो." आम्ही तिघं आणि शेजारी चाचा. त्याच दिवशी तिकडे अमिरातीत जेबेल जैसच्या डोंगरावर बर्फ पडलं, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. नुसता वारा. पण तो वारा असा, की पोर्टा केबिन जमिनीवरून उचलली जाईल असं वाटायचं. केबिनला एसी होता, पण त्याला फक्त गार करणं माहीत.

संध्याकाळी सातच्या सुमारास छपरावरची पाण्याची टाकी हलायला लागली. हजार लिटरची टाकी, ती पडली असती तर केबिनचं दार मोडलं असतं. तो पोरगा दोर घेऊन वर चढला. मी खालून टॉर्च दाखवत होतो. त्यानं एक फेरा मारला, दुसरा मारताना टाकीचा पाइप निसटला आणि सगळं पाणी त्याच्या अंगावर आलं. तरी त्यानं दोर बांधूनच काढला. खाली आला तेव्हा डोक्यापासून बुटांपर्यंत चिंब, आणि त्यावर तो वारा.

मंडळी, आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. पण ते वगळलं तर आज इथं उभं राहण्यात अर्थ नाही.

त्याच्याजवळ कपड्यांचा दुसरा जोड नव्हता, कारण बदलीची गाडी आली नव्हती आणि आम्ही एका दिवसाच्या हिशोबानं आलो होतो. आमचेही अंगावरचेच कपडे. तिसऱ्यानं आपली चादर दिली, ती पातळ, त्याच ओल्या कपड्यांवर त्यानं गुंडाळली. आणि वीस पावलांवर माझ्या कंटेनरमध्ये नवीन कव्हरऑलचे खोके होते. कोरे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. पॅकिंगसाठी आणलेली जाड ब्लँकेटंही होती. किल्ली माझ्या खिशात.

मी काय केलं? मी साहेबांना फोन लावला. कारण इश्यू स्लिपवर त्यांची सही असल्याशिवाय स्टोअरमधून खिळासुद्धा बाहेर काढायचा नाही, हा नियम. त्याआधी एकदा हातमोज्यांचे दोन जोड कमी भरले म्हणून माझ्या पगारातून कापले होते, ते डोक्यात होतं. फोन लागेना. पुन्हा लावला. मेसेज केला. पोरगा दात वाजवत होता, आणि मी नेटवर्क शोधत केबिनच्या दारात उभा होतो. मला वाटत होतं, थंडीच तर आहे. निफाडला याच्यापेक्षा जास्त असते. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला.

मग त्याचे दात वाजायचे थांबले. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, ऊब आली. मी विचारलं, "काय रे, बरं वाटतंय का?" तो म्हणाला, "काय नाय काका, बरंय मी. झोप यायलीय." शब्द थोडे जड येत होते. मला वाटलं, दमलाय. म्हणून मी गावाकडच्या सवयीनं दुसरा उद्योग सुरू केला. चाचाकडे कोळसे आणि शेगडी होती, ती आणायला गेलो. केबिनमध्ये ठेवू, दार लावून घेऊ, म्हणजे चांगली ऊब येईल.

चाचानं विचारलं, "किसके लिए?" मी सांगितलं. पोरगा भिजला होता, आता थरथर थांबलीय, झोप येतेय म्हणतो. चाचा शेगडी तिथंच टाकून धावत सुटला. जाता जाता एवढंच म्हणाला, "अंदर आग नहीं, बाबा. अंदर आग मौत है."

त्याचं दोन्ही बाबतींत बरोबर होतं. बंद खोलीत कोळसे पेटवले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आमच्या द्राक्षबागेतली शेकोटी उघड्या आभाळाखाली असते, हे मी विसरलो होतो. आणि भिजलेल्या माणसाची थरथर ऊब न मिळता थांबली, जीभ जड झाली, झोप यायला लागली, तर तो बरा होत नसतो. त्याचं शरीर लढायचं थांबलेलं असतं. पारा शून्याखाली जायला लागत नाही. सात-आठ अंश, ओले कपडे आणि सोसाट्याचा वारा एवढं पुरतं.

चाचानं आल्याआल्या त्याचे ओले कपडे काढायला सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सूखा कपडा किधर?" मी म्हटलं, स्टोअरमध्ये आहे, पण सही... त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. मी कंटेनर उघडला.

तीन कव्हरऑल, पाच ब्लँकेटं. अंग कोरडं केलं, दोन कव्हरऑल एकावर एक चढवले, चाचानं आपल्या डोक्याचं फडकं त्याच्या डोक्याला आणि कानांना गुंडाळलं. मी गरम चहा ओतायला लागलो, तर तिसऱ्यानं तोवर ९९९ ला लावलेल्या फोनवरून सांगितलं गेलं, नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. धुळीतून वाट काढत अँब्युलन्स आली. मी बरोबर गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "ओल्या कपड्यांत किती वेळ होता?"

मी म्हटलं, पाऊण तास.

त्यांनी लिहून घेतलं. रागावले नाहीत, काही नाही. पण हिशोबाच्या माणसाला आकडे चिकटून राहतात. तो पाऊण तास आजही माझ्या नावावर आहे.

पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून बसला आणि पहिलं काय विचारलं असेल? "काका, टाकी पडली का?" रविवारी पहाटे अबू समराला १.५ अंश तापमान नोंदलं गेलं, तोवर कतारात कधीच नोंदलं गेलं नव्हतं इतकं कमी. आम्ही ते दवाखान्यातल्या टीव्हीवर पाहिलं. त्याच दिवशी मी साइटवर जाऊन इश्यू स्लिप लिहिली. तीन कव्हरऑल, पाच ब्लँकेटं, कारण: आणीबाणी. साहेबांनी फोनवर बोलता बोलता, न वाचताच सही केली. दोन सेकंद लागले.

मी कुणाला दोष देत नाही. नियम चोरीसाठी असतात, आणि चोऱ्या होतात. साहेबांनी मला कधीही "माणूस गारठला तरी स्टोअर उघडू नकोस" असं सांगितलं नव्हतं. ते मी माझं मीच ठरवलं होतं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. साहेबांची परवानगी घेऊन स्टोअरच्या बाहेर, दाराशी, एक पत्र्याची पेटी ठेवली. कुलूप नाही. आत जुने पण धुतलेले कव्हरऑल, ब्लँकेटं, मोजे, सगळं प्लास्टिकमध्ये. पेटीवर लिहिलं, 'भिजलात तर घ्या. वाळवून परत ठेवा.' सही नाही, स्लिप नाही. मित्र म्हणाले, आठवड्यात रिकामी होईल. २० ऑक्टोबर २०१८ ला परत वर्षाचा पाऊस एका दिवसात पडला. तो शनिवारही तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी मी बिरकतमध्ये पहिल्यांदा तळं पाहिलं. अवामेरांचं तळं आपल्या जागी परत आलं होतं. आसपासच्या प्लॉटवरचे सात जण, नेपाळी, बंगाली, एक तामिळ, ओलेगच्च होऊन आमच्या शेडमध्ये आले आणि पेटीतले कपडे घालून रात्रभर बसले. आठवडाभरात मी पेटी मोजली, सवयच आहे. एक मोज्यांचा जोड कमी होता. आणि कुणीतरी एक नवी कानटोपी जास्तीची ठेवली होती.

आता मी मघाशी म्हटलं होतं त्याच्याकडे येतो. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. आमच्या निफाडला गारपीट झाली. भावाच्या बागेत मणी भरायला लागले होते. रात्री फोनवर त्यानं व्हिडिओ दाखवला, वेलींखाली गारांचा आणि पानांचा चिखल. तो काही बोलत नव्हता, मीही काही बोलत नव्हतो. मी इथं कोरड्या खोलीत, आणि काही करता येत नाही. असं आपल्या सगळ्यांचंच होतं. गावाकडे काही घडलं की आपण फोन धरून बसतो.

त्यानंतर अर्ध्या तासात दुसरा फोन आला. लातूरहून. तोच मुलगा. तो २०१९ ला परत गेला, कर्ज फेडून. गावात पंपांचं वायरिंग आणि दुरुस्ती करतो. म्हणाला, "काका, तुमच्याकडं गारा पडल्या म्हणं. मी आणि माझा मेहुणा येतो दोन दिवस. मांडव उभा करायला माणसं लागतील." आणि खरंच आले. रात्रीच्या गाडीनं, स्वतःच्या खर्चानं. भावाच्या बागेत तारा ओढल्या, पडलेले खांब उभे केले, आणि परत गेले. भाऊ मला विचारत होता, "हा कोण रे तुझा?" मी काय सांगणार! म्हटलं, माझ्यामुळे पाऊण तास भिजलेला मुलगा आहे.

मंडळी, आता मदतनिधीबद्दल थोडक्यात.

इथल्या उन्हाळ्यासाठी कायदा आहे. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावर काम बंद. चांगला कायदा आहे, त्यानं माणसं वाचली. पण थंडीचं कुणाच्या मनात येत नाही, कारण सगळे आमच्या सौ.सारखंच म्हणतात, "कतारमध्ये कसली आली थंडी!" आपण घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात. शमाल आपल्याला काचेतून दिसतो. वॉचमन, हेल्पर, ट्रेलरचे ड्रायव्हर, उघड्या यार्डात लोडिंग करणारी मुलं, यांना तो अंगावर घ्यावा लागतो. खराब रात्री वर्षाला मोजून वीस-पंचवीस. पण माणूस जायला एक पुरते.

म्हणून आपल्या मंडळानं 'कोरडी पिशवी' ठरवली आहे. एका पिशवीत एक जाड ब्लँकेट, एक आतून घालायचा गरम जोड, कान झाकणारी टोपी, मोज्यांचे दोन जोड आणि एक रेनकोट. सगळं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. आणि वर एक कागद, मराठी, हिंदी, नेपाळी, बंगाली आणि तामिळमध्ये. त्यावर पाचच ओळी: ओले कपडे आधी काढा. डोकं आणि कान झाका. थरथर थांबली आणि झोप आली तर ९९९ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. बंद खोलीत कोळसे पेटवू नका.

इथल्या कायद्याप्रमाणे देणगी परवानाधारक संस्थेमार्फतच जमा होईल आणि तिची रीतसर पावती मिळेल, त्याची तजवीज समितीनं केली आहे. एका पिशवीचा खर्च म्हणजे आपल्या एका कुटुंबानं शुक्रवारी बाहेर जेवायला जाण्याइतका. मरबानिया सुरू व्हायच्या आत पिशव्या पोचल्या पाहिजेत, म्हणून घाई.

समितीला माझी एकच विनंती होती, आणि त्यांनी ती मान्य केली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पिशवी देताना कुणाकडून फॉर्म भरून घ्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, ओळखपत्र मागायचं नाही, आणि सही तर मुळीच नाही. एखादी पिशवी चुकीच्या माणसाकडे गेली तर जाऊ द्या. ती नुकसानी माझ्या नावावर लिहा. स्टोअरकीपर म्हणून मी ती आनंदानं सोसेन.

चाचा आता आपल्या देशी परत गेला आहे. तिकडे काय परिस्थिती आहे ते आपण बातम्यांत बघतो. माझा त्याच्याशी बरेच दिवस संपर्क नाही. पण शबत लागला आणि वारा फिरला, की मी स्टोअरबाहेर जातो आणि पेटीचं झाकण उघडून बघतो. आतलं सगळं कोरडं आहे ना, एवढंच.

बाहेरच्या टेबलावर पिशवीचा नमुना ठेवला आहे, तो हातात घेऊन बघा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.